देवाशी जोडलेले राहण्यासाठी: मराठवाड्यातील नव्या विश्वासणाऱ्यांकरिता मार्गदर्शक

बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास मंडळीपुढे पक्का करण्याचा विधी) झाल्यावर, अथवा उन्हाळी युवा शिबिरात प्रभूला जीवन समर्पित केल्यावर, पहिले काही आठवडे प्रार्थनेची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. पुढे वाळूजच्या कारखान्यातील पाळी बदलते, सोयाबीनची काढणी येते, लातूरला शिकवणी लागते, घरात कोणी आजारी पडते, आणि बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. अशा माणसाने विश्वास सोडलेला नसतो, देवाशी त्याचे भांडणही झालेले नसते. केवळ बोलणे थांबलेले असते. थांबलेले बोलणे पुन्हा कोठून सुरू करावे हे न कळल्यामुळे मग महिने निघून जातात.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे. मी जालना जिल्ह्यातील एका मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायात, वाढलो, नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला आलो आणि येथील तरुण संघाच्या कामात नव्या सभासदांचे साधारणतः तेच प्रश्न ऐकत आलो आहे. त्यांचा गोंधळ बहुधा श्रद्धेचा नसतो, पद्धतीचा असतो: केव्हा बसावे, काय वाचावे, काय बोलावे आणि मन लागत नसेल तर काय करावे. माझी पार्श्वभूमी प्रोटेस्टंट आहे. कॅथलिक वाचकांनी त्यात मिस्सा (कॅथलिक उपासना), जपमाळ आणि प्रायश्चित्त संस्कार (फादरांजवळची पापकबुली) यांची भर घालावी आणि आपल्या फादरांचा सल्ला घ्यावा.

सुरुवातीला जवळ काय असावे

• छापील मराठी बायबल. प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक आवृत्तीत ७३. विकत घेताना आपल्या मंडळीत कोणते भाषांतर वाचले जाते ते विचारून घ्यावे, म्हणजे रविवारी वाचन ऐकताना पान शोधण्यात वेळ जात नाही.
• एक साधी वही आणि पेन.
• मंडळीत वापरले जाणारे गीतांचे पुस्तक.
• मोबाइलवर मराठी ऑडिओ बायबल. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळे साथ देत नाहीत अशा आजी-आजोबांसाठी ही सोय फार मोठी आहे.
• बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत आणि गाव बदलत असाल तर जुन्या मंडळीच्या पाळकांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, पत्र. याचा उपयोग पाचव्या पायरीत येईल.
• एक विश्वासू माणूस, ज्याला तुम्ही आठवड्यातून एकदा खरे सांगू शकाल. हा माणूस मंडळीतील वडील असेल, मावशी असेल किंवा बरोबरीचा मित्रही असेल. मात्र तो ऐकलेले बाहेर सांगणारा नसावा.

१. नाते कोणाच्या बळावर टिकते हे आधी समजून घ्या

योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकाच्या, १५व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. हे बोलणे शेवटच्या भोजनाच्या रात्रीचे आहे; अटकेला काही तासच उरले होते, आणि ज्यांना तो हे सांगत होता ते थोड्याच वेळात त्याला सोडून पळणार होते. तरीही तो त्यांना आधी फळ दाखवा असे म्हणत नाही. माझ्यामध्ये राहा, फळ त्यातूनच येईल, असे सांगतो.

जालन्याजवळच्या कडवंचीच्या शिवारात ज्यांनी द्राक्षबागा पाहिल्या आहेत त्यांना हा अध्याय लवकर उमजतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडवावर नुसते ओलांडे (आडव्या फांद्या) आणि खुंट उरतात. नवख्या माणसाला बाग वाळली असे वाटावे. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड बाहेर येतात त्यांची सूक्ष्म घडनिर्मिती त्याच उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यांत, कोणाला दिसत नसताना झालेली असते. उलट, छाटून बांधावर टाकलेली काडी पहिला दिवसभर हिरवीच दिसते. म्हणजे वरवरच्या दिसण्यावरून जोडलेली कोणती आणि तुटलेली कोणती हे ठरवता येत नाही. प्रार्थनेत डोळ्यांत पाणी आले म्हणून आपण जोडलेले आहोत आणि आले नाही म्हणून तुटलो आहोत, असा हिशेब नवे विश्वासणारे हमखास करतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणी याच हिशेबातून जन्माला येतात.

म्हणून पुढे सांगितलेल्या पायऱ्या देवाला आपल्याकडे ओढून आणण्याच्या नाहीत. त्याने धरलेला हात आपण सोडू नये, एवढ्यासाठी त्या आहेत. पवित्र आत्मा आपल्या वतीने मध्यस्थी करतो असे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात प्रेषित पौलाने लिहिले आहे. शब्द सुचत नाहीत त्या दिवसांसाठी तो अध्याय खूण घालून ठेवावा.

२. वेळ आणि जागा ठरवा

येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला असे मार्क १:३५ (पहिला अध्याय, पस्तिसावे वचन) मध्ये आहे, आणि त्यावरून पहाटेची वेळच खरी असा आग्रह पुष्कळ ठिकाणी धरला जातो. पहाट उत्तमच आहे. परंतु ज्याची तिसरी पाळी सकाळी संपते, किंवा ज्याला कृषिपंपाची वीज रात्रीच मिळते म्हणून मध्यरात्री पिकाला पाणी देण्यासाठी दारे धरावी लागतात, त्याने पहाटे चारचा नियम केला तर तो आठवडाभरही टिकणार नाही. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे; स्तोत्रांमध्ये रात्री अंथरुणावर केलेल्या चिंतनाचे उल्लेख आहेत. वेळ कोणतीही चालेल, परंतु ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली असावी: पाळीवरून आल्यावर अंघोळ झाली की, जनावरांना वैरण टाकून झाली की, मुले शाळेत गेली की. घड्याळावर बांधलेली वेळ पाळी बदलताच मोडते, कामाला बांधलेली वेळ टिकते.

सुरुवात पंधरा मिनिटांनी करावी. एक तास ठरवून चौथ्या दिवशी सोडण्यापेक्षा पंधरा मिनिटे सहा महिने चालणे पुष्कळ मोलाचे आहे.

जागेबद्दल येशूने खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले, पण आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. अशा घरात गच्ची, गोठ्याजवळचा ओटा, शेतातील लिंबाखालची जागा, किंवा कामाला निघण्याआधी चर्चच्या बाकावरील दहा मिनिटे, यांपैकी काहीही चालते. मोबाइलवर ऑडिओ बायबल लावणार असाल तर तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवावे.

घरात तुम्ही एकटेच विश्वासणारे असाल तर एक सावधगिरी बाळगा. मोठ्याने प्रार्थना करून, देवघरावर टीका करून किंवा सणाच्या दिवशी घर सोडून जाऊन साक्ष होत नाही, कटुता होते. आईवडिलांचा मान राखणे ही दहा आज्ञांपैकी एक आहे. शांतपणे बसा, विचारले तर नम्रपणे सांगा, आणि आईच्या कामाला हातभार लावणे वाढवा. पूजेतील सहभाग, प्रसाद अशा प्रश्नांवर एकट्याने निर्णय घेऊ नका. पाळकांशी बोलून, १ करिंथकरांस पत्राचा ८वा ते १०वा अध्याय वाचून मग ठरवा.

३. वाचन योग्य ठिकाणापासून सुरू करा

सर्वांत नेहमीची फसगत येथे होते. नववर्षाच्या उपासनेत संपूर्ण बायबल वाचण्याचा निश्चय होतो, १ जानेवारीला उत्पत्ति हे पहिले पुस्तक उघडले जाते, निर्गमाचा पहिला भाग उत्साहात जातो, निवासमंडपाच्या मापांपाशी वेग मंदावतो आणि लेवीयातील अर्पणांच्या नियमांत वाचन थांबते. बायबलमध्ये, म्हणजे ६६ पुस्तकांत, १,१८९ अध्याय आहेत. ते वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार अध्याय हवेत. नव्या वाचकासाठी हा भार मोठा आहे.

त्याऐवजी नवा करार, म्हणजे येशूपासूनचा बायबलचा दुसरा भाग, घ्या. त्याचे २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक अध्याय वाचला तर ५२ आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो, आणि शनिवार-रविवार राहिलेले भरून काढण्यासाठी मोकळे राहतात. त्यातही क्रम असा ठेवावा: प्रथम मार्क, कारण ते १६ अध्यायांचे सर्वांत छोटे आणि वेगवान शुभवर्तमान आहे, नंतर फिलिप्पैकरांस पत्र, जे तुरुंगातून लिहिलेले असूनही आनंदाने भरलेले आहे, मग योहान, मग प्रेषितांची कृत्ये, आणि त्यानंतर उरलेली पुस्तके. जोडीला रोज एक स्तोत्र. स्तोत्रे १५० आहेत, म्हणून पाच महिन्यांत एक फेरी होते. जुना करार पुढच्या वर्षी, उत्पत्तीपासून, आणि लेवीय वाचताना कोणीतरी जाणता माणूस सोबत घेऊन.

वाचायचे कसे, हे एका उदाहरणाने दाखवतो. मार्काच्या ४थ्या अध्यायाच्या शेवटी वादळाची गोष्ट आहे. उतारा दोनदा वाचा. दुसऱ्यांदा ओठ हलवून, आवाज काढून. मग वहीत तीन गोष्टी लिहा. पहिली, येथे देवाविषयी किंवा येशूविषयी काय दिसते: तो नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला आहे, म्हणजे तो खरोखर थकणारा माणूस आहे, आणि तरीही वारा त्याचे ऐकतो. दुसरी, येथील माणसांत मी कोठे आहे: शिष्य त्याला उठवून, आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही काय, असे विचारतात. हे शब्द उद्धट आहेत, भीतीतून आलेले आहेत, तरीही ऐकले गेले आहेत. तिसरी, आज मी कोणत्या एका गोष्टीबाबत त्याला असे उठवणार आहे: बँकेचा हप्ता, मुलीचा निकाल, नवऱ्याचे दारूचे व्यसन. हे तिसरे वाक्यच त्या दिवसाच्या प्रार्थनेची सुरुवात असते. वाचन आणि प्रार्थना ही दोन वेगळी कामे आहेत असे मानल्यामुळे दोन्ही कोरडी होतात. एकातून दुसरे निघू द्यावे.

जुन्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सामान्य स्त्रियांना समजेल असे मराठी बायबल हवे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून भाषांतराचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. आज सोप्या मराठीतील भाषांतरे सहज मिळतात. एक ती आणि एक मंडळीतील, अशी दोन शेजारी ठेवून वाचावीत.

दोन फसव्या सवयींपासून दूर राहा. एक म्हणजे डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे आणि जे वचन येईल ते आजच्या प्रश्नाचे उत्तर मानायचे. जमीन विकावी की नाही हे असे ठरवणाऱ्यांची नंतर फार ओढाताण होते. दुसरी म्हणजे रोज सकाळी मोबाइलवर येणारे वचनाचे चित्र पुढे पाठवणे आणि तेवढ्यावर वाचन झाले असे समजणे. वचन पाठवण्यास हरकत नाही, पण ते ज्या अध्यायातले आहे तो आधी वाचलेला असावा.

४. प्रार्थनेला आकार द्या

प्रार्थनेसाठी वेगळी भाषा लागत नाही. मंडळीतील वडीलधारी माणसे जी भारदस्त वाक्ये वापरतात ती त्यांच्या आयुष्यभराच्या वाचनातून आलेली असतात. त्यांची नक्कल करू नका. घरी आईशी ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत बोला.

आकार मात्र असावा, नाहीतर प्रार्थना मागण्यांच्या यादीवर येऊन थांबते. तो आकार प्रभूच्या प्रार्थनेतच, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतच, आहे (मत्तय ६:९-१३). तिच्यात आधीच्या तीन विनंत्या देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयी आहेत. आपली भाकर, आपली क्षमा आणि आपली परीक्षा त्यानंतर येते. रोज ही प्रार्थना सावकाश म्हणा आणि प्रत्येक विनंतीपाशी थांबून तिच्यात त्या दिवसाचे काहीतरी भरा. रोजच्या भाकरीपाशी सोयाबीनचा भाव, टँकरचे पाणी, कंपनीतील कंत्राटाचे नूतनीकरण, हे सर्व येते. क्षमेपाशी माणसांची नावे येतात, आणि येथे बहुतेकांचा वेग वाढतो. तसा तो वाढला की समजावे, थांबायचे ठिकाण हेच आहे.

वहीच्या मागच्या पानांवर मध्यस्थीच्या प्रार्थनेची यादी करा: घरातील, शेजारचे, मंडळीतील आजारी, आणि ज्यांच्याशी आपले पटत नाही असा निदान एक माणूस. नावापुढे तारीख घाला. उत्तर मिळाले तर ते लिहा, नकार मिळाला तर तोही लिहा. पौलाने शरीरातील काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली आणि ती मान्य झाली नाही, हे २ करिंथकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात त्यानेच लिहून ठेवले आहे.

ठरलेल्या वेळेखेरीज दिवसभरात छोट्या प्रार्थना करण्याची सवय लावा. जुन्या करारातील नहेम्या हा राजाचा प्यालेबरदार राजासमोर द्राक्षारस घेऊन उभा असताना राजाने त्याला प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्यापूर्वी त्याने मनातल्या मनात स्वर्गातील देवाची प्रार्थना केली. ती फार तर एका श्वासाची असणार. मुलाखतीच्या दारात, एसटीत, भाकरी थापताना, भांडण पेटण्याच्या बेतात असताना एवढी प्रार्थना पुरते.

सावध राहण्याची गोष्ट म्हणजे प्रार्थनेचा व्यवहार होऊ देणे. नोकरी लागली तर इतके अर्पण टाकीन, मुलगा झाला तर अमुक करीन, ही नवसाची जुनी सवय आपल्या मंडळ्यांतही चांगलीच रुजलेली आहे. अर्पण जरूर द्या. ते मिळालेल्यावरच्या कृतज्ञतेचे असू द्या.

५. मंडळीशी नाव आणि पाय दोन्ही जोडा

घरी बसून ऑनलाइन संदेश ऐकणे आजारी माणसासाठी आशीर्वाद आहे. धडधाकट माणसासाठी ती पळवाट होते. पहिल्या मंडळीविषयी प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये चार गोष्टी दिल्या आहेत: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी, म्हणजे प्रभुभोजन) आणि प्रार्थना. यांपैकी सहवास आणि प्रभुभोजन एकट्याने करता येत नाही. मराठवाड्यात ख्रिस्ती जीवन रुजले तेही माणसे एकत्र राहिल्यामुळेच. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले आणि त्यांनी जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. नव्या विश्वासणाऱ्याला शेत, शेजार आणि उपासना एकाच ठिकाणी मिळावी हा त्यामागचा विचार होता.

नव्या शहरात आल्यावर करायच्या गोष्टी अशा: गावच्या पाळक साहेबांकडून निघण्यापूर्वी पत्र घ्या, पहिल्या महिन्यातच जवळच्या मंडळीत जाऊन ते पत्र आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत द्या, सभासद नोंदवहीत नाव घालून घ्या, आणि एखादे छोटे काम मागून घ्या, मग ते सतरंज्या घालण्याचे का असेना. उपासना संपताच बाहेर पडणाऱ्या माणसाला वर्षानंतरही कोणी ओळखत नाही. दाखल्याची गरज पुढे लग्नाच्या वेळी पडतेच. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा तो आधी मिळवलेला बरा.

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड येथे निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही सहा चर्च-संघटनांच्या एकत्रीकरणातून १९७० मध्ये झाली. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा आहे. शिवाय मेथॉडिस्ट, पेंटेकॉस्टल आणि घरगुती सहभागिता (घरात जमणाऱ्या मंडळ्या) आहेत. दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहणे ठीक, पण दर रविवारी जेथे संगीत चांगले तेथे जाणे म्हणजे कोठेच न जाणे होय.

काही खुणा दिसल्यास मात्र तेथून निघावे. नेता स्वतःच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारू देत नाही. आमच्याबाहेर कोणाचे तारण नाही असे सांगितले जाते. कर्ज काढून अर्पण देण्यास सुचवले जाते. आणि सर्वांत गंभीर, प्रार्थना झाली आहे, आता औषध बंद करा, असे सांगितले जाते. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग किंवा फिट यांची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. पौलाचा सहकारी लूक वैद्य होता, आणि या भागात मिशनने प्रार्थनागृहासोबत दवाखानाही उभारला. जालन्याचे मिशन हॉस्पिटल सर्वांना ठाऊक आहे. प्रार्थना आणि गोळी यांत निवड करायला लावणारा माणूस दोन्हींविषयी चुकीचे शिकवत असतो.

६. गाणे सोडू नका

ही पायरी छोटी आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग आणि भजनांच्या वळणावर आणली, त्यामुळे टाळ-मृदंगावर गायलेले गीत आपल्या आजीला जसे पाठ होते तसे एखादे प्रवचन पाठ होत नाही. आठवड्याला एक गीत पाठ करा आणि काम करताना म्हणा. वाचन चुकलेल्या दिवशी तेच आठवते.

७. पापकबुली आणि समेट टाळू नका

प्रार्थना अडकल्यासारखी वाटते तेव्हा पुष्कळदा कारण अगदी साधे असते: एखादी गोष्ट आपण देवाला सांगत नसतो. १ योहान १:९ वाचा आणि ती गोष्ट तिच्या खऱ्या नावाने सांगा. माझ्या दुर्बलता क्षमा कर, असे म्हणण्याऐवजी, मी मापात खोट केली, मी तिचे मेसेज चोरून वाचले, मी सासूविषयी खोटे बोललो, असे म्हणा. ज्या गोष्टीची तुम्हाला पुन्हा पुन्हा लाज वाटते ती सुरुवातीला सांगितलेल्या विश्वासू माणसाजवळही बोला. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे.

समेट त्याहून अवघड आहे. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा. आपल्याकडे भाऊ म्हटले की बांध आला, वाटणी आली, विहिरीची पाळी आली. सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. अशा वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो. एकटे जा, चारचौघांना घेऊन जाऊ नका. केवळ स्वतःची चूक बोला, त्याच्या चुकांची यादी घरी ठेवा. तो बोलेल ते तोडू नका. जमले नाही तर मंडळीतील एखाद्या वडिलांना मध्यस्थ करा. आधी एकटे आणि मग दुसऱ्यांना घेऊन, हा क्रम मत्तयाच्या १८व्या अध्यायात आहे. मोजणीचा अर्ज किंवा कोर्टातील दावा चालू असेल तर तो त्याच्या मार्गाने चालू द्या. हक्क सोडणे आणि द्वेष सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. घरात मारहाण होत असेल तर क्षमा कर आणि गप्प राहा, हा सल्ला शास्त्राधारित नाही. आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांची व नातेवाइकांची मदत घ्या. क्षमेचे बोलणे त्यानंतर.

८. उपास समजून करा

उपासकाळ, म्हणजे लेंट, राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि रविवार वगळून चाळीस दिवस चालतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान येत असल्यामुळे हा काळ आपल्याकडे ज्वारीची सुगी आणि वाढत्या उन्हात पडतो. शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्याने पाणी सोडून उपास करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मधुमेहाचे रुग्ण आणि मुले यांनी अन्नाऐवजी दुसरे काही सोडावे: मोबाइलवरील मालिका, तंबाखू, बाहेरचा चहा.

साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन केलेला उपास पोटाला नेहमीपेक्षा जड जातो, हे सर्वांना माहीत आहे. एक वेळचे जेवण सोडा, तो वेळ प्रार्थनेला द्या, आणि त्या जेवणाचे पैसे किंवा धान्य गरजवंताच्या घरी पोहोचवा. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास भुकेल्याला भाकर देण्याशी जोडलेला आहे. केल्याचे कोणाला सांगू नका.

९. कोरड्या काळासाठी आधीच तयारी करा

कितीही नियमाने चाललात तरी असा काळ येतो की वचन वाचून काही होत नाही आणि प्रार्थना छताला लागून परत आल्यासारखी वाटते. तेव्हा नवे काही शोधू नका. जे करत होता तेच कमी प्रमाणात चालू ठेवा. एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, रविवारची उपासना, एवढे पुरे.

अशा वेळी ८८वे स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवाला उद्देशूनच आहे. हबक्कूकाचा ३रा अध्याय तर दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशासाठी लिहिल्यासारखा आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन म्हणतो. पीक येईल असे तो तेथे म्हणत नाही, याकडे लक्ष द्या.

१ राजे १९ मध्ये एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही; देवदूत त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. कोरडेपणाचे कारण कित्येकदा थकवा असतो, आणि त्यावरचा उपाय झोप हाच असतो. परंतु कित्येक आठवडे झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, कर्जाच्या काळजीने जीव नकोसा होत असेल, तर हा प्रार्थनेत कमी पडल्याचा पुरावा मानू नका. घरात कोणाला तरी आजच सांगा, पाळकांना सांगा, आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.

खंड पडून महिने झाले असतील तर राहून गेलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे लागू नका. माफीची लांब प्रस्तावनाही नको. वहीत आजची तारीख घाला आणि पुढचा अध्याय वाचा.

१०. स्थलांतराच्या हंगामाची सोय आधी करा

बीड, धाराशिव, जालना भागातील जी कुटुंबे ऊसतोडीला जातात त्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे नाताळ फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) येतो आणि उपासकाळाचा बराच भागही. निघण्यापूर्वी पाळकांकडून हंगामापुरत्या वाचनाची एका कागदावर यादी लिहून घ्या. ऑडिओ बायबल मेमरी कार्डावर भरून घ्या, कारण फडावर नेटवर्क आणि चार्जिंग दोन्हींचा भरवसा नसतो. टोळीत आणखी कोणते विश्वासणारे घर आहे ते मुकादमाकडून आधीच विचारून ठेवा आणि आठवड्यातील एक संध्याकाळ कोपीवर (फडावरील झोपडीत) एकत्र प्रार्थनेसाठी ठरवा. कारखान्याच्या वेळापत्रकात रविवार मोकळा मिळेलच असे नाही, म्हणून वाराचा आग्रह धरू नका.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, संगमनेर या भागांत जुन्या मंडळ्या आहेत. तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळची मंडळी शोधून तेथील पाळकांना टोळीचा ठावठिकाणा कळवा, म्हणजे नाताळात निदान एकदा उपासनेला जाता येईल किंवा तेच फडावर येतील. मुलांना सोबत नेत असाल तर संडे स्कूलचे पुस्तक त्यांच्या दप्तरात घाला, आणि परत आल्यावर पहिल्या रविवारी पाळकांना भेटून त्यांची नावे दृढीकरणाच्या वर्गात पुन्हा चालू करून घ्या; हे वर्ग पुष्कळदा उन्हाळ्याच्या सुट्टीत भरतात आणि नावनोंदणी आधी संपते.